बसायला जागा

निवृत्तीनंतर किंवा घरातलं एखादं माणूस गेल्यावर बरेच जण विचारतात, ‘जवळपास ध्यानाचं एखादं चांगलं केंद्र आहे का हो?’ मी कविता लिहितो, म्हणून मला अशा जागा ठाऊक असतील असा लोकांचा समज आहे. मुसलमान ओळखीचे असले, तर आवाज खाली करून पुढचा प्रश्न येतो, ‘आणि आपल्याला चालेल का ते?’

महाराष्ट्रात पहिलं नाव निघतं इगतपुरीचं. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ साली भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरीचं काम सुरू झालं. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारची घंटा, संपूर्ण मौन. फी नाही. आणि दान घेतात तेही फक्त शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. माणूस दुःखात असताना त्याच्यापुढे पावतीपुस्तक धरणाऱ्या जागा काय थोड्या आहेत?

पण तिथला दुसरा नियम असा, की शिबिराच्या काळात पूजा, जप, उपवास, प्रार्थना सगळं बंद ठेवायचं. म्हणजे नमाजही. पाच वेळच्या नमाजीला दहा दिवसांत पन्नास नमाज सोडाव्या लागतील. त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही, आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणून ती उडवून लावू नये. मात्र हे सारं अर्ज करण्याआधीच लेखी वाचायला मिळतं. ज्याला जमेल त्यानं जावं, ज्याला जमणार नाही त्यानं जाऊ नये. फसवणूक कुणाचीच नाही.

ज्याला जमत नाही त्याच्यासाठी दहा दिवसांचं एक शिबिर त्याच्या गल्लीतच असतं. रमजानच्या विसाव्या रोज्याला सूर्यास्ताआधी माणूस मशिदीत जाऊन बसतो, तो ईदचा चाँद दिसेपर्यंत. खाणं, झोपणं तिथंच. अगदी गरजेशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. याला एतेकाफ म्हणतात. हनफी परंपरेत याची एक गंमत आहे. मोहल्ल्यातला एक जण बसला तरी सगळ्यांची जबाबदारी फिटते. कुणीच बसलं नाही तर ठपका सगळ्या मोहल्ल्यावर. म्हणून बसणाऱ्याचा डबा कधी घरून येतो, कधी शेजारून. एकानं सगळ्यांच्या वतीनं गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला जेवू घालायचं! बायका हाच एतेकाफ घरातल्या एका कोपऱ्यात करतात. माझी अम्मी तिथं चादर बांधायची, आणि त्या दिवसांत आम्ही पोरं तिच्याशी हळू बोलायचो.

अलीकडे मात्र एतेकाफला बसलेल्यांच्या हातात मोबाइल दिसतो. विपश्यनेच्या शिबिरात तो पहिल्याच दिवशी जमा करून घेतात. आमच्या मशिदींनी एवढं तरी तिथून उचलायला हरकत नाही. उचलण्यात कमीपणा कसला? आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला, आणि त्यांची गणना आजही मराठी संतांत होते.

तेव्हा आधी आपल्याच वस्तीत बघा. कुठं संध्याकाळी हरिपाठ असतो, कुठं बुद्धविहारात सामूहिक बैठक, कुठं गुरुवारी दर्ग्यात जिक्र. चालत जाता येईल अशी जागा निवडा. दोन बस बदलून जायचं ठिकाण पहिल्या पावसात सुटतं. महिनाभर मागच्या रांगेत बसा. एखाद्या दिवशी मुद्दाम जाऊ नका आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला काय ऐकावं लागतं ते पाहा. ‘काल दिसला नाहीत, तब्येत बरी आहे ना?’ असं कुणी विचारलं तर बसून राहा. जाब विचारला, घरच्यांपासून तोडणारं बोलणं निघालं, किंवा शंका विचारल्यावर चेहरे बदलले, तर चपला घालून सरळ घरी या. दुसरी गल्ली आहेच.