चाळिशीनंतरचा काळा कोट

वकिली हा विशी-पंचविशीत सुरू करायचा उद्योग, असं आपण धरून चालतो. एखाद्या सीनिअरच्या मागे फायली घेऊन फिरायचं, तारखा घ्यायच्या, चार-पाच वर्षं ओढाताणीत काढायची आणि मग कुठे स्वतःची पाटी लावायची. कायदा शिकून खेळाकडे वळलेली माणसं आपल्याला माहीत आहेत. शिरीष कणेकर एलएल.बी. होते; लेखणी मात्र त्यांनी क्रिकेट आणि सिनेमावर चालवली. अमेरिकेत हॉवर्ड कोसेल यांनी तर चालती वकिली सोडून खेळाचा मायक्रोफोन हाती धरला. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते नेमके उलट्या दिशेने गेले. वीसेक वर्षं खेळाच्या बातम्या लिहिल्यावर, वयाच्या ४८व्या वर्षी त्यांनी काळा कोट चढवला.

त्यांचं नाव सांगत नाही. क्रीडापानावर बातमीत स्वतःचं नाव आलं तर ते खोडणारा हा माणूस. आज ते हयात नाहीत, पण सवयीचा मान ठेवलेला बरा.

नव्वदच्या दशकात मी आपल्या गावातल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. ते क्रीडाविभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे ते, एक टेबल, आणि टेबलाखाली वह्यांचा ढीग. मी कविता लिहितो हे कळल्यापासून ते मला ‘शायर’ म्हणायचे. मराठीत लिहितो म्हटल्यावर म्हणाले, “मग तर दुहेरी काम. आमच्याकडेही सामना एका भाषेत होतो आणि भांडण दुसऱ्या.” पावसाळ्यात आमखास मैदानावर फुटबॉल सुरू असला की हे गृहस्थ छत्री घेऊन कडेला उभे. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाच्या पानाला जो मान मिळवून दिला, खो-खो आणि कबड्डीला जी जागा दिली, त्याचे ते भक्त होते. करमरकरांचे लेख कापून वहीत चिकटवलेले असत.

पण त्यांचं खरं वेड नोंदीचं. जिल्हा पातळीवरचा खो-खोचा सामना असला तरी कोण किती मिनिटं पळालं, किती गडी बाद केले, हे स्वतःच्या घड्याळावर मोजून लिहायचे. आयोजक देतील तो कागद छापून टाकणं त्यांना मंजूर नव्हतं. छपाईला उशीर व्हायचा, वृत्तसंपादक ओरडायचे, आणि हे शांतपणे चष्मा पुसत म्हणायचे, “दोन सेकंदांचा फरक आहे हो.”

ते कायद्याकडे वळले तेही खेळामुळेच. नोव्हेंबर १९९३मध्ये हीरो कप झाला. उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि सचिनने ते षटक टाकून तीनच दिल्या. अंतिम सामन्यात कुंबळेने १२ धावांत सहा बळी घेतले. हे सगळ्यांना आठवतं. त्या स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जो वाद कोर्टात गेला, तो कमी जणांना आठवतो. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं, की हवेतल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाशवाणीवरून हे सांगताना मला जरा गंमत वाटते आहे.

आमच्या मित्रांनी एका वकिलाकडून त्या निकालाची प्रत मिळवली आणि शब्दकोश शेजारी ठेवून पंधरा दिवस वाचली. पुढचे काही महिने ते आम्हा सगळ्यांना चहाच्या टपरीवर तो निकाल समजावून सांगत होते. क्रिकेटच्या सामन्यातून एवढा मोठा कायदा निघू शकतो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

त्याच हिवाळ्यात आणखी एक निकाल लागला होता. वकिलांच्या अखिल भारतीय बार कौन्सिलने १९९३ साली नियम केला होता, की ४५ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला सनद मिळणार नाही. निवृत्त अधिकारी ओळखींच्या जोरावर वकिलीत शिरतात, असा त्यामागचा आक्षेप. १७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. कारण साधं होतं. तरुणपणी सनद घेऊन मधली वीस वर्षं दुसरंच काही केलेला माणूस पन्नाशीत परत कोर्टात उभा राहू शकत होता; नवा मात्र नाही. हा निकाल लागला नसता तर आमच्या मित्रांची गोष्ट तिथेच संपली असती. (पुढे २००८च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशालाच तिशीची अट आली. ती मध्ये मागे घेतली, पुन्हा आणली, आणि मार्च २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वय झालेल्या माणसाची भीती का वाटते कोण जाणे.)

२००१ साली, पंचेचाळिशीत, त्यांनी विधी महाविद्यालयात नाव घातलं. त्याच डिसेंबरात आपल्या गावात जन्मलेला इक्बाल सिद्दिकी मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. त्याची ती एकुलती एक कसोटी. विजयाला पाचच धावा हव्या होत्या, म्हणून त्या गोलंदाजाला सलामीला पाठवलं आणि त्यानेच त्या पूर्ण केल्या. आमच्या मित्रांनी त्या रात्री दोन कॉलम मजकूर लिहिला आणि सकाळी करार कायद्याची चाचणी दिली. कॉलम उत्तम होता. चाचणीचं विचारू नका.

सनद घ्यायची तर पूर्णवेळ पगारी नोकरी सोडावी लागते, हा बार कौन्सिलचाच नियम. पत्रकारितेला पूर्ण मनाई नाही, पण पूर्णवेळ नाही. २०२४ सालीदेखील हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात निघाला होता. म्हणजे महिन्याचा पगार बंद. मुलगा बारावीला, वहिनी शाळेत शिक्षिका. वहिनींनी एवढंच विचारलं, “किती वर्षं?” ते म्हणाले, “तीन.” लागली सहा. त्या सहा वर्षांबद्दल वहिनी कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पहिली दोन वर्षं त्यांच्याकडे जमिनीची किरकोळ प्रकरणंच येत. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कोर्ट-कचेरीचं काम उर्दूत चालायचं. त्यामुळे इनाम जमिनीचा वाद निघाला की कुणाच्या तरी ट्रंकेतून उर्दू मुंतखब बाहेर येतो. मुंतखब म्हणजे इनामाच्या हक्काचा सरकारी दाखला. तो घेऊन ते संध्याकाळी माझ्याकडे यायचे. शाळेत शिकलेली उर्दू आणि कारकुनाने घाईत ओढलेली शिकस्ता लिपी यांत फार अंतर आहे, पण दोघे मिळून कोडं सोडवल्यासारखं वाचायचो. तारीख फसली सनात असायची. साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात धावफलकासारखं मांडून ठेवलं होतं. एका मुंतखबात कारकुनाने सर्व्हे नंबर खोडून वर दुसरा लिहिला होता आणि सही केली नव्हती. ते बराच वेळ त्या खोडीकडे पाहत राहिले. म्हणाले, “शायर, ह्याने घड्याळ पाहिलेलं नाही.”

ज्या प्रकरणासाठी ते वकील झाले असं मला वाटतं, ते २००७च्या सुमारास आलं. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाचा शासननिर्णय ३० एप्रिल २००५चा. खेड्यातली एक मुलगी, खो-खोची, त्यातून निवडली गेली. पडताळणीत तिच्या संघटनेने कळवलं, की त्या राज्यस्पर्धेच्या संघात तिचं नाव नव्हतं. प्रमाणपत्र खोटं ठरलं, नोकरी गेली. वडील तिला घेऊन यांच्याकडे आले. यांनी टेबलाखालून १९९८ची वही काढली. सामना त्यांनी स्वतः पाहिला होता. पान सापडलं. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, दोन मिनिटं चाळीस सेकंद, नाबाद.

आता खरी अडचण. त्यांनीच लिहिलेली बातमी दैनिकात छापून आली होती. पण वृत्तपत्रातली बातमी हा ऐकीव पुरावा, ती एकटी काही सिद्ध करत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच म्हटलेलं. वीस वर्षं ज्या अक्षरांसाठी वृत्तसंपादकांची बोलणी खाल्ली, त्यांची कोर्टातली किंमत ही. लागणार होता तो माणूस, ज्याने सामना पाहिला आणि त्या वेळी नोंदवला. आणि ज्या प्रकरणात आपल्याला साक्षीदार व्हावं लागेल ते प्रकरण वकिलाने घेऊ नये, हाही बार कौन्सिलचाच नियम.

दोन रात्री ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. मी म्हटलं, “दुसरा कुणी साक्षीदार शोधा ना. पंच, प्रशिक्षक.” ते म्हणाले, “पंच संघटनेचा. प्रशिक्षकाला उद्या त्याच मैदानावर उभं राहायचंय.” तिसऱ्या दिवशी त्यांनी वकीलपत्र घेतलं नाही, प्रकरण एका तरुण वकिलाकडे सोपवलं आणि स्वतः प्रतिज्ञापत्र केलं. वहीतल्या पानाची प्रत त्याला जोडली. खंडपीठात सुनावणी असे त्या दिवशी ते मागच्या बाकावर बसत, बँड न लावता. युक्तिवाद ऐकताना त्यांचे ओठ हलायचे. तरुण वकील एखादा मुद्दा विसरला की माझा हात घट्ट धरायचे.

प्रमाणपत्राची फेरपडताळणी करण्याचा आदेश झाला. मग संघटनेच्या कपाटात मूळ गुणपत्रिकाही सापडली, तिच्यावर नाव होतं. मुलीला नेमणूक मिळाली, जवळजवळ दोन वर्षं उशिरा.

पेढे घेऊन ती त्यांच्या घरी आली तेव्हा मीही तिथे होतो. वहिनींनी चहा केला. मुलीने वही पाहायला मागितली, बोटाने ओळ शोधली आणि जरा चाचरत म्हणाली, “सर, दोन पन्नास होतं. मला पक्कं आठवतंय.”

त्यांनी चष्मा पुसला, वही आपल्याकडे ओढून घेतली आणि पान पुन्हा एकदा पाहिलं.

“नाही,” म्हणाले. “दोन चाळीस.”