साडेतीन माणसांचे काम



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, पगारपत्रके आणि कायद्याची पुस्तके चाळून. यास्तव मी तत्त्वज्ञान सांगणार नाही, हिशेब मांडणार आहे. घरातले म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे त्याला सांभाळायला काय लागते, आणि ते आपल्या गावात कोठून आणायचे, एवढाच माझा विषय.

आरंभी एक कबुली देतो. आमच्या आईने सोलापुरात जन्मभर विड्या वळल्या. उतारवयात ती माझ्याकडे राहायला आली. एक दिवस न्हाणीत पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, आणि पुढचे चौदा महिने ती खाटेवर होती. त्या चौदा महिन्यांत मी गेटसभांतून आठ तासांच्या दिवसावर भाषणे करीत होतो. रात्री अकराला घरी येई, आईजवळ पाच मिनिटे बसे, आणि आपण मुलाचे कर्तव्य केले असे समजे. तिला कुशीवर वळवणे, धुणेपुसणे, भरवणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री उठणे, हे सारे माझी पत्नी करी. एका रात्री ती म्हणाली, "अहो, तुमच्या कारखान्यात पाळी सुटली की भोंगा होतो. माझा भोंगा कधी व्हायचा?"

मला उत्तर सुचले नाही. आजही ते पुरते सापडले आहे असे नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली कामगारांच्या पदरात रविवारची सुट्टी पडली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आता खाटेवरच्या माणसाकडे पाहा. त्याचा आठवडा १६८ तासांचा. १६८ ला ४८ ने भागा. उत्तर येते साडेतीन. म्हणजे हे साडेतीन माणसांचे काम आहे, आणि ते आपण एका सुनेकडून, रविवारच्या सुट्टीशिवाय आणि बिनपगारी करून घेतो. त्याला आपण संस्कार म्हणतो. संस्कार खरेच, पण ते घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला का यावेत, हा प्रश्न मी विचारणारच.

हेच काम पगारी माणसाकडून करून घ्यायचे ठरवले तर? रोज चारशे रुपये धरा. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०,४०० रुपये. साडेतीन माणसांचे ३६,४०० झाले. आपल्या गावात किती घरांना हे झेपेल?

आता जमेची बाजू पाहू. फंडाची पेन्शन १९९५ साली सुरू झाली आणि २०१४ साली तिची किमान रक्कम महिना एक हजार ठरली. तीही दहा वर्षांची नोकरी कागदावर भरली तर. आपल्या किती विडी कामगार भगिनींची पेन्शन नुसत्या नावातल्या फरकाने अडकते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पुस्तकात एक नाव, आधारकार्डावर दुसरे. हा कागद हातपाय चालतात तोवरच दुरुस्त करून घ्या.

६५ वर्षांवरील निराधारांना श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम दीड हजार झाली. अर्ज तहसील कचेरीत करायचा. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला २१,००० रुपये. चारशे रुपये रोजाने मुलगा ५३ दिवस कामाला गेला की ही मर्यादा ओलांडली! ही अट बदलून घेण्यासाठी आपण सर्वांनी मिळून आवाज उठवला पाहिजे.

७० वर्षांवरील प्रत्येकाला, श्रीमंत असो वा गरीब, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. चांगली गोष्ट आहे. कार्ड काढून ठेवा. पण हा पैसा रुग्णालयातल्या खाटेसाठी आहे. घरातल्या खाटेसाठी त्यातून एक पैसाही नाही.

२००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या आईबापांना प्रांतांपुढे निर्वाहखर्च मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. सुस्थितीतला मुलगा आईला विसरला असेल तर हे हत्यार जरूर वापरावे. परंतु मुलगाच रोजंदारीवर असेल तर प्रांत तरी काय करणार? शिवाय हुकमाने पैसा मिळतो, कुशीवर वळवणारा हात मिळत नाही.

तात्पर्य, आपल्याकडे योजना आहेत, पण हात नाहीत. जपानने २००० साली काळजीचा विमा सुरू केला. तेथे चाळिशीपासून प्रत्येकजण त्यात हप्ता भरतो. केरळने २००८ साली धोरण ठरवून पंचायतींमार्फत नर्सबाई घरोघर पाठवल्या. जपान दूर राहिले. पण पंचायत केरळात आहे तशी वळसंगातही आहे.

म्हणून माझी सूचना अशी. खाटेवर माणूस असलेल्या सहा घरांनी मिळून एक मदतनीस नेमावी. आठ तासांत प्रत्येक घराला सवा तास मिळेल. अंघोळ, अंथरूण, औषध एवढे त्यात होते. तिला महिना १०,४०० रुपये आणि रविवारची सुट्टी. प्रत्येक घराने ७५० रुपये, म्हणजे श्रावणबाळची अर्धी रक्कम द्यावी. सहा घरांचे ४,५०० झाले. उरले ५,९००, वर्षाचे ७०,८००. हे ग्रामसभेने आणि गावातल्या नोकरदारांनी मिळून उचलावे. यात्रेच्या मंडपाला आपण किती खर्च करतो, हे मी सांगायला नको. रुग्णाला उचलावे कसे, जखम टाळावी कशी, एवढे शिक्षण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागावे.

एक मात्र बजावतो. स्वस्त पडते म्हणून हे काम आशाताईंच्या गळ्यात मारू नका. त्यांच्यावर आधीच भार पुष्कळ आहे. आणि मदतनिशीला कमी पगारात राबवू नका. एका गरिबाचे म्हातारपण दुसऱ्या गरिबाच्या तरुणपणावर काढणे, हा काही उपाय नव्हे.

कोणी म्हणेल, सवा तासाने काय होणार? उरलेल्या तासांचे काय? प्रश्न रास्त आहे. रात्र घरच्यांनाच काढावी लागेल. पण घरचे म्हणजे फक्त सून नव्हे. मदतनिशीच्या सुट्टीच्या रविवारची पाळी मुलाची. मीही ती करू शकलो असतो. हात मलाही होते. पण ते माझे काम आहे असे मला कधी वाटलेच नाही. आई गेली तेव्हा तिचे पाय धरून मी रडलो. ते पाय चौदा महिन्यांत मी एकदाही धुतले नव्हते.

तेव्हा आज घरी जाताना ठराव वगैरे काही नको. आपापल्या गल्लीत खाटेवर कोण आहे आणि त्याच्याजवळ कोण जागते, ही दोन नावे एका कागदावर लिहून आणा. पुढच्या ग्रामसभेत तो कागद ठेवू. दुसरे नाव लिहायला मात्र विसरू नका.