धुळ्याची दप्तरे

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निवर्तले. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून जमविलेली कागदपत्रे, हीच काय ती त्यांची इस्टेट. १९२७ साली धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापिले आणि हा ठेवा आपल्याच गावी जतन केला.

वाळवीपासून कागद राखणे कष्टाचे खरे. पण त्याहून कठीण काम निराळेच. अशा दप्तरांतील पुष्कळसा मजकूर मोडीत असतो, आणि मोडी तर शाळांतून केव्हाच गेली. वाचणारा न उरला, तर कुलपातले पत्रही मुकेच. पणजोबांची सनद पणतूला लागत नाही! मोडीची मुळाक्षरे काही आठवड्यांत येतात; एकेका जुन्या कारकुनाच्या हाताचे वळण ओळखू येण्यास मात्र वर्षे जातात.