चेंडू दिसल्यावरच शिट्टी



पीटीच्या तासाला झाडाखाली बसणारी मी, आज अमेरिकेत नोकरी सांभाळून हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत पंच असते. पहिल्याच मोसमात चेंडू नजरेआड झाला आणि मी घाईने शिट्टी फुंकली. प्रत्यक्षात एक मुलगा चेंडू घेऊन मोकळा धावत होता. नियम असा, की चुकून वाजलेल्या शिट्टीनेही खेळ थांबतोच. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी तिथूनच पुढे खेळायचं किंवा ती चाल पुन्हा खेळायची. त्याचे हक्काचे ६ गुण गेले. मुख्य पंचांना मी लगेच सांगितलं, "चूक माझी."

चुकलेलं गणित खोडू नका, रेघ मारून पुढे सोडवा, असं बाई सांगायच्या. तेच केलं. आता चेंडू दिसेपर्यंत शिट्टी तोंडाकडे नेत नाही.