पहिला लोंढा नदीला हवा

वर्षभराच्या मत्स्यसंशोधनाचा आढावा परिषदेच्या छापील अहवालात आहेच. प्रस्तुत वक्त्याच्या मनात तीस वर्षे एकच गोष्ट साचली आहे. ती आज बोलायची आहे.

धरणाखाली किती पाणी सोडायचे, याचा हिशेब आपल्याकडे सरासरीत होतो. हरित लवादाने २०१७ साली नद्यांत उन्हाळी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी ठेवायला सांगितले. ते हवेच. पण पाणी केव्हा आले आणि किती वेगाने ओसरले, हे टक्केवारीत दिसत नाही. माशाचे सारे त्यावरच ठरते.

महासीरचे पाहा. निसर्गअभ्यासक सायक्सने १८३९ साली मुळा-मुठेतल्या ज्या 'खुद्री'चे वर्णन केले, तोच हा मासा. राहायला त्याला खोल डोह लागतो, अंडी घालायला खळाळातले स्वच्छ गोटे. या दोहोंमधली वाट पावसाचे पाणी उघडते. मृगाचा पाऊस लागला की मासे प्रवाहाविरुद्ध निघतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. धरण मात्र जूनमध्ये रिकामे असते आणि पहिला लोंढा पोटात घेते. खालच्या नदीला पावसाळा लागल्याची वर्दीच पोचत नाही. पुढे धरण भरते, दरवाजे उघडतात आणि सगळे पाणी एकदम येते.

कोयनेचे वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी पाणी वीजगृहांतून घाट उतरून वासिष्ठीला मिळते, तेही विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त होत. एका नदीचे पाणी तुटले, दुसरीला भलतीच भरती-ओहोटी लागली.

परिषदेच्या सकाळच्या सत्रात वाद रंगला: बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) सोडून नदी भरून काढता येईल का? लोणावळ्याच्या वळवण केंद्राने महासीरचे बीज तयार करून दाखवले, हे मोठेच काम. पण हाच खुद्री मासा कावेरीत सोडल्यावर तिथला मूळचा महासीर मागे हटला, हेही विसरता येत नाही.

या वादाचे उत्तर प्रस्तुत वक्त्याला एका भाद्रपदात मिळाले. घाटाखालच्या एका नदीत, वीजगृहाच्या खालच्या अंगाला, काठच्या घोटाभर पाण्यात संध्याकाळी बोटभर पिल्लांचे थवेच्या थवे होते. रात्री यंत्रे थांबली. पहाटे गोटे कोरडे पडले होते, पिल्ले डबक्यांत तडफडत होती आणि बगळे रांगेने उभे होते. हाती लागली तेवढी बादलीत भरून डोहात सोडली. मग कार्यालय गाठले. तिथल्या साहेबांनी वही उघडून दाखवली. महिन्याची सरासरी अगदी नियमात बसत होती! त्या सकाळी किती पिल्ले मेली, हे लिहायला वहीत रकानाच नव्हता. अशा नदीत लाख बोटुकली सोडली तरी ती त्याच गोट्यांवर मरणार.

ज्या नदीत पाणी थबकले तिथे तिलापिया माजला. तिथले मळ्या, मुरी हे खळाळातले मासे आता नव्या मुलांना चित्रातूनच ओळखावे लागतात. वाळण कोंडी या डोहातले महासीर देवाचे म्हणून कोणी धरत नाही. श्रद्धेने जाळे अडवले. पाणी अडवण्यावर तिच्याकडे इलाज नाही.

मागणी दोनच गोष्टींची आहे. पहिल्या लोंढ्याचा काही वाटा धरणातून खाली जाऊ द्यावा, आणि वीजगृहे थांबवताना पाणी हळूहळू उतरवावे. किती, किती तासांत, हे नदीनदीवर मोजून ठरेल. परिषदेच्या समितीने ते पुढे पाहावे. तोवर निदान काही खळाळांवर पातळीच्या पट्ट्या रोवू या. तासातासाची नोंद गावचे भोई ठेवतील. नोंद ठेवणाऱ्यांची नावे आज संध्याकाळी घेतली जातील. मृगाआधी पट्ट्या लागायला हव्यात.