प्रभाव म्हणायचा तर वाट दाखवा



स्नेहसंमेलनात पाहुण्यांचे भाषण लांबले की पडद्यामागे मेकअप करून उभ्या असलेल्या मुलांचे हाल होतात, हे मी शिक्षिका म्हणून वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून एकाच गोष्टीवर बोलते. मघाशी इतिहास विभागाचे प्रदर्शन पाहताना ‘प्युरिटनांचा समाजावरील प्रभाव’ या प्रकल्पापाशी माझे पाय थांबले. शिवकाळ आणि स्वातंत्र्यलढा सोडून आपली मुले इतक्या लांबच्या विषयाला हात घालतात, याचा मला मनापासून आनंद झाला.

प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये कॅथलिक वळणाचे जे जे उरले होते ते काढून टाका, असा आग्रह धरणारे लोक. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेत प्लिमथला पोचलेला गट त्या चर्चपासून फुटून निघालेल्यांचा. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्याबरोबर मोठा जथा मॅसॅच्युसेट्समध्ये आला आणि बॉस्टन वसले. इथवर तक्ते चोख आहेत. पुढच्या तक्त्यावर मात्र एका टोकाला १६३०, दुसऱ्या टोकाला ‘शिक्षण, लोकशाही, उद्योगी वृत्ती’, आणि मध्ये एक लांबलचक बाण आहे. मुलांनो, तुमचा खरा प्रकल्प त्या बाणात आहे. प्रभाव होता असे म्हणायचे, तर तो कोणत्या कायद्यातून, कोणत्या पुस्तकातून, कोणत्या संस्थेतून पुढे गेला ते दाखवायला हवे.

शिक्षणाचेच घ्या. १६४७ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा केला: ज्या गावात ५० घरे आहेत त्याने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा, आणि १०० घरे झाली की हार्वर्डमध्ये जाण्यापुरती तयारी करून घेणारी शाळा काढावी. कशासाठी? माणसाला धर्मग्रंथापासून दूर ठेवण्याचा सैतानाचा डाव हाणून पाडण्यासाठी! हे कारण त्या कायद्यातच लिहिलेले आहे. बायबल प्रत्येकाने स्वतः वाचले पाहिजे, ही श्रद्धा आधी. शाळा तिच्यामागून आली. ही झाली एक धड वाट. पण तिच्यावर थोडे थांबा. त्या काळी वाचन आणि लेखन वेगवेगळे शिकवत. मुलींना वाचन येणे गरजेचे मानत, कारण बायबल वाचायचे. लेखन मात्र बहुतेक मुलग्यांच्या वाट्याला येई, आणि वरच्या शाळांची दारे मुलींना बंदच होती. ‘प्युरिटनांनी शिक्षण दिले’ या वाक्याखाली कुणाला, किती आणि कशासाठी, हे तीन प्रश्न लिहा. तक्ता आपोआप भरेल.

उद्योगी वृत्तीबद्दल एवढेच सांगते: ती प्युरिटनांच्या श्रद्धेतून आली हा विचार समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये मांडला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून ते वेबर यांचे मत म्हणूनच लिहा.

आता सेलम, मॅसॅच्युसेट्समधले चेटकाच्या खटल्यांचे गाव. तुमच्या तक्त्यावर चेटकिणींना जाळल्याचे चित्र आहे. ते बदला. १६९२ मध्ये सेलमला १९ जणांना फाशी दिली, त्यांत पाच पुरुष होते. आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याने खटल्याला उभे राहायचे नाकारले म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारले. जाळले कुणालाच नाही. ज्यांनी ‘होय, मी चेटूक केले’ असे कबूल केले ते बहुतेक वाचले. जे खरे बोलण्यावर ठाम राहिले ते फासावर गेले. याच खटल्यांतले एक न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल १६९७ च्या जानेवारीत बॉस्टनच्या चर्चमध्ये, भरल्या सभेत आपल्या जागी उभे राहिले. त्यांनी लिहून दिलेला कबुलीजबाब पाद्र्यांनी वाचून दाखवला: दोष माझा आहे, त्याची लाज मी पत्करतो. न्यायाधीशांपैकी असे जाहीरपणे करणारे ते एकटेच. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. प्रत्येकाने आपले मन देवापुढे तपासावे, ही त्या समाजाची शिकवण स्यूअल यांना सगळ्यांसमोर उभे करते. आणि शेजाऱ्याच्या मनातले पाप शोधत बसायची सवयही त्याच समाजाची. फाशीचा दोर आणि ती कबुली दोन्ही एकाच तक्त्यावर लावा. एक झाकून दुसरे दाखवू नका. मतभेद केला म्हणून रॉजर विल्यम्स आणि अ‍ॅन हचिन्सन यांना प्युरिटनांनी वसाहतीबाहेर काढले आणि क्वेकर पंथाच्या मेरी डायर यांना १६६० मध्ये फाशी दिली, हेही तिथेच येऊ द्या.

आणि एक वाट थेट आपल्या नगरला येते, ती तुमच्या प्रकल्पात नाही याची मला चुटपुट लागली. प्युरिटनांनी न्यू इंग्लंडमध्ये रुजवलेल्या काँग्रिगेशनल चर्चच्या लोकांनी १८१० मध्ये परदेशी मिशनसाठी मंडळ काढले. त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये त्यांनीच इथे सुरू केले. याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढण्याआधी जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती. पण म्हणून लगेच बॉस्टन ते भिडेवाडा असा सरळ बाण काढू नका. फरार बाई प्युरिटनांच्या काळानंतर दीडशे वर्षांनी आल्या. जोतीराव तर थॉमस पेन वाचत होते, आणि पेन हे बायबलचे कडवे टीकाकार! जोतीरावांनी शाळा मिशनची पाहिली, विचार पेनकडून घेतला आणि शूद्रातिशूद्रांच्या दुःखाची जाण त्यांची स्वतःची होती. एवढे सगळे ज्या तक्त्यावर मावेल, तो तक्ता मला पाहायचा आहे.

साधने अवघड नाहीत. सेलम खटल्यांचे कागद इंटरनेटवर मोफत वाचता येतात. स्यूअल यांची रोजनिशी छापलेली आहे. इंग्रजी जुने आहे, अडेल. तिथे इंग्रजी विभागाच्या प्राध्यापकांना गाठा. नगरमधल्या जुन्या मिशन शाळांत आणि चर्चमध्ये रीतसर पत्र घेऊन जा, नम्रपणे विचारा, आणि जे पाहाल त्याची तारखेनिशी टिपणे काढा.

शेवटी ग्रंथपालांना एक विनंती. परीक्षा झाली की असे प्रकल्प रद्दीत जातात. या मुलांच्या दुरुस्त प्रकल्पाची एक प्रत ग्रंथालयात दाखल क्रमांक देऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीची मुले फरार बाईंच्या शाळेपासून सुरुवात करू शकतील.