स्वागताध्यक्षांचे भाषण : छोट्या प्रकाशकांचे संमेलन, टेंभुर्णी



पुणे-सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकानं टेंभुर्णी पाहिलेली असते, पण एस.टी.च्या खिडकीतून. पंढरपूरला वळायचं, कुर्डुवाडी-करमाळ्याला जायचं, की इथं चहा घ्यायचा आणि गाडी बदलायची. तुम्ही मुक्कामाला आलात, याचंच आम्हाला अप्रूप.

शेजारी उजनी आहे; धरण १९८० साली पुरं झालं आणि ऊस-केळी आली. पण आमचं खरं भूषण सदाशिवपंत माणकेश्वर. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी, गावचा भुईकोट त्यांचा. इतिहासात बापू गोखले भेटतात, त्रिंबकजी डेंगळे भेटतात, आमचे पंत मात्र एका ओळीत उरकले जातात. पुण्यात एल्फिन्स्टनसाहेबाशी बोलणी करणारा हा माणूस! तोच साहेब पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि मराठी शालेय पुस्तकांच्या छपाईला बळ मिळालं. म्हणजे मराठी प्रकाशनाचा एक धागा आमच्या कोटापर्यंत येतो. ओढूनताणून म्हणा, पण येतो.

आता आपला विषय, अशोक शहाणे यांचं ‘प्रास प्रकाशन’. १९७७ साली त्यांनी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढली. ‘भिजकी वही’ यायला २००३ उजाडलं. २००४ च्या जुलैत ‘काला घोडा पोएम्स’ आणि ‘सर्प सत्र’ ही इंग्रजी पुस्तकंही प्रासनंच आणली. सप्टेंबरात कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी मिळाला तो २००५ मध्ये. आमचा आडसाली ऊस अठरा महिने उभा राहिला तरी शेतकऱ्याची झोप उडते; शहाण्यांनी पाव शतक कवीची पाठ सोडली नाही. तशीच चिकाटी धरून तुमच्यापैकी कुणी आमच्या पंतांवर छोटं पुस्तक काढा, कागदाचा खर्च माझ्याकडे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. कार्यालय हमरस्त्यालगत, त्यात गळीत हंगाम. उसाच्या ट्रॉल्यांवरची गाणी परिसंवादात घुसतील. स्टॉल पत्र्याच्या शेडखाली आहेत, दुपारी तापतील. वीज गेली तर जनरेटर आहे. तो आवाज करतो. गोड मानून घ्या.

मंडप फुकट देणारे, केळीचे घड पाठवणारे बागायतदार, साखरेची पोती उतरवणारे, वर्गणीसाठी दुकानाचं शटर अर्धं ओढून का होईना पण थांबलेले व्यापारी, भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या ताई, अंथरुणं वाहणारी पोरं, सगळ्यांचा ऋणी आहे. ज्यांची नावं पावतीपुस्तकात आहेत, ती संध्याकाळी वाचून दाखवली जातील.

जेवण साडेबाराला. शेंगाची चटणी तिखट आहे, दही मागून घ्या. पहिली पंगत पाहुण्यांची. गावकऱ्यांनी कृपया थांबावं.